शब्द वगळलेले संगीत : गोवा ट्रान्स आणि मुंबईतली एक विसरलेली तबकडी

१

मराठी कादंबरीचा इतिहास शिकवताना पहिल्याच तासाला एक जुना वाद फळ्यावर मांडावा लागतो. बाबा पद्मनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली. ती पहिली मराठी कादंबरी मानायची काय? मानली, तर तिच्यानंतर तिच्या वाटेने किती जण गेले? १८६१ साली आलेली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आणि तिच्या मागोमाग आलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्या यांची वाट निराळीच होती. आणि हरिभाऊ आपट्यांनी सामाजिक कादंबरी उभी केली ती ‘यमुनापर्यटन’ समोर ठेवून, असे म्हणण्यास आधार काय? हे प्रश्न विचारले, की वर्गात दोन तट पडतात. एका तटाला साल महत्त्वाचे वाटते, दुसऱ्याला परंपरा. आम्ही दोघे गेली बरीच वर्षे मुलुंडमध्ये मराठी शिकवतो आणि हा तास आमच्या हातात कधीच वेळेवर संपत नाही.

काही वर्षांपूर्वी याच तासानंतर एक विद्यार्थी स्टाफरूममध्ये आला. त्याने भ्रमणध्वनीला जोडलेली कर्णयंत्रे पुढे केली आणि म्हणाला, “मॅडम, हे ऐका आणि साल सांगा.” आम्ही दोघांनी एकेक कान वाटून घेतला. खाली एकसुरी, दणकट ठेका होता. त्यावर खालच्या सप्तकात सरपटणारी, मध्येच चिरकणारी यंत्राची एक स्वरावली होती. आणि या सगळ्यावर स्वच्छ, ओळखू येणारा भैरवी. आम्ही ‘दोन हजारच्या आसपास’ असे म्हणालो. उत्तर होते १९८२, आणि ध्वनिमुद्रणाचे गाव होते मुंबई.

त्या दिवसापासून या विषयाने आमचा पाठलाग केला. नृत्यासाठी यंत्रांवर घडवलेल्या संगीताचा एक प्रकार जगभर ‘गोवा ट्रान्स’ या नावाने ओळखला जातो. आपल्या शेजारच्या, आपल्याच भाषेच्या सीमेवरच्या प्रदेशाचे नाव त्याला आहे आणि आपल्या वाङ्मयीन-सांस्कृतिक चर्चेत त्याला जवळजवळ स्थान नाही. विसर्जनाच्या रात्री पाच रस्त्यावरून मिरवणूक निघाली, की खिडक्या लावून घेणाऱ्यांपैकी आम्हीही आहोत. तेव्हा या संगीताची वकिली करण्याचा आमचा हेतू नाही. मात्र त्याचा इतिहास पाहू लागलो, तसे आमच्या लक्षात आले, की साहित्येतिहासात आपण ज्या प्रश्नांशी झगडतो, तेच प्रश्न येथे अधिक उघडेपणाने उभे आहेत. ‘पहिला’ कोणाला म्हणायचे? प्रकाराला नाव कोण देते? आणि नाव देताना कोण वगळले जाते?

२

प्रथम गोव्याकडे जाऊ. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, बार्देश तालुक्यातल्या हणजुण्याच्या किनाऱ्यावर पाश्चात्त्य तरुणांची वस्ती होऊ लागली. युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूल असा खुष्कीचा मार्ग तेव्हा खुला होता. इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानात शिरलेले सोव्हिएत सैन्य यांनी १९७९ साली तो बंद केला. तोवर या मार्गाने आलेली मंडळी मुंबईत उतरत आणि भाऊच्या धक्क्यावरून पणजीच्या आगबोटीत बसत. ‘एट फिंगर एडी’ या नावाने ओळखला जाणारा, आर्मेनियन कुळातला एक अमेरिकन गृहस्थ या वस्तीचा वडीलधारा मानला जाई. २०१० साली गोव्यातच त्याचा शेवट झाला. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजाराची सुरुवात याच वस्तीतली.

मराठी वाचकाला हा काळ अगदीच परका नाही. ॲलन गिन्सबर्ग १९६२ साली मुंबईत आला, अशोक शहाणे, अरुण कोलटकर यांच्या पिढीला भेटला, हे आपण लघुअनियतकालिकांच्या चळवळीचा इतिहास शिकवताना सांगतो. गिन्सबर्गच्या मागून आलेली हजारो माणसे मात्र कवी नव्हती. ती मुंबई ओलांडून पुढे गेली, आणि आपल्या इतिहासलेखनानेही त्यांना तेथेच सोडून दिले.

सत्तरच्या दशकात हणजुण्याच्या वाळूवर पौर्णिमेच्या आणि नाताळाच्या रात्री जे वाजे, ते रॉक आणि रेगे. गिटारी होत्या, गायक होते, शब्द होते. १९५१ साली कॅलिफोर्नियात जन्मलेला आणि पुढे ‘गोवा गिल’ म्हणून प्रसिद्ध झालेला गिल्बर्ट लेव्ही याच वादकांत होता. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी हे बदलले. लॉराँ आणि फ्रेड डिस्को या दोन डीजेंची नावे या बदलाशी जोडली जातात. जर्मनी, बेल्जियम, इंग्लंड येथून यंत्रांवर घडवलेल्या नव्या संगीताच्या ध्वनिफिती हणजुण्यात येऊ लागल्या. क्राफ्टवर्क, कॅबरे व्हॉल्टेअर, फ्रंट २४२ अशा गटांची ती गाणी होती. सगळेच त्यांच्यावर खूश नव्हते. ज्यांचे कान रॉकवर वाढले होते, त्यांना हा गिरणीचा आवाज वाटला. तरुणांना मात्र पहाटेपर्यंत नाचायला हेच हवे होते.

येथे एक साधी, तांत्रिक वाटणारी गोष्ट घडली आणि आमच्या मते या प्रकाराचा जन्म तिच्यातच आहे. या गाण्यांत शब्द होते. रात्रभर नाचणाऱ्यांना ते अडथळा वाटत, कारण शब्द आला की अर्थ आला आणि अर्थ आला की तंद्री मोडली. म्हणून डीजे मंडळी दोन टेपरेकॉर्डर घेऊन दुपारभर बसत. गायनाचा भाग गाळायचा, वाद्यांचा भाग पुन्हा पुन्हा उतरवून लांबवायचा आणि ही नवी ध्वनिफीत रात्री वाजवायची, असा त्यांचा उद्योग असे. तबकड्या गोव्याच्या उन्हात वाकत, दमट हवेत आणि वाळूत खराब होत. त्यामुळे कॅसेट हेच येथले माध्यम ठरले. १९८७ साली डिजिटल ध्वनिफीत, म्हणजे ‘डॅट’, बाजारात आली आणि पुढे तिने कॅसेटची जागा घेतली. तबकडीचा वेग हाताने कमीजास्त करून दोन ठेके जुळवण्याची सोय तिच्यावर सहसा नसे. म्हणून एक रचना संथपणे विरते आणि तिच्या विरण्यातून दुसरी उगवते, अशी जोडणी रूढ झाली. माध्यमाची मर्यादा शैलीचे लक्षण कशी बनते, याचे इतके स्वच्छ उदाहरण वर्गात देण्यासाठी क्वचितच सापडेल.

या ध्वनिफिती विकत मिळत नसत. त्या हातोहात उतरवल्या जात आणि हिवाळा संपला की प्रवाशांच्या पिशव्यांतून लंडन, हॅम्बुर्ग, तेल अवीव, टोकियो अशा गावी पोचत. सायक्लोस्टाइल करून वाटलेल्या आपल्या लघुअनियतकालिकांची येथे आठवण होते. दोन्हीकडे प्रती मोजक्या आणि बाजाराची फिकीर नाही. शिवाय वाचणारा-ऐकणारा हाच पुढचा प्रकाशक.

३

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात हणजुण्यात गाण्यांतले शब्द गाळले जात असताना त्याच गोव्यात दुसरीकडे काय चालले होते, हे मराठीच्या अध्यापकाने तरी विसरू नये. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला होता. भाषेचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. १९८५ पासून तो पुन्हा पेटला. कोकणीवादी आणि मराठीवादी रस्त्यावर आले, डिसेंबर १९८६ मध्ये हिंसाचार झाला, माणसे मेली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक संमत झाले. कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापराची तरतूद राहिली. ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले.

डिसेंबर हा हणजुण्यातल्या नाचांचाही भर हंगाम. एकाच महिन्यात, एकाच गोव्यात, काही माणसे शब्दांसाठी जिवावर उदार झाली होती आणि काही माणसे नाचण्यासाठी शब्द कापून टाकत होती. या दोन गोव्यांची गाठ पडल्याचे चित्र ट्रान्सच्या रूढ इतिहासात दिसत नाही, आणि भाषावादावरच्या आपल्या लेखनातही दिसत नाही. विदेशी इतिहासकाराला राजभाषा आंदोलन ठाऊक नसते, तर आपल्याला किनाऱ्यावरचा नाच हा केवळ अमली पदार्थांचा आणि पोलिसांचा विषय वाटतो. पर्यटनाच्या आक्रमणाविरुद्ध ‘जागृत गोंयकारांची फौज’ उभी राहिली, तीही याच १९८७ च्या सुमारास. म्हणजे गोवेकर गप्प होते असे मुळीच नाही. फक्त त्यांचे बोलणे निराळ्या कप्प्यात ठेवले गेले.

४

आता त्या विद्यार्थ्याने ऐकवलेल्या तबकडीकडे येऊ. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. जन्म १९४० चा. गिटार, स्टील गिटार आणि पुढे सिंथेसायझर ही त्यांची वाद्ये. पडद्याआडच्या शेकडो वादकांपैकी ते एक होते, आणि या वादकवर्गाबद्दल येथे दोन वाक्ये लिहिणे अगत्याचे आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद मोठ्या प्रमाणावर गोवेकरांनी उभा केला. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. ती मुले पोटासाठी धोबी तलावाच्या परिसरात आली आणि येथल्या स्टुडिओंतून वाजवू लागली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यवृंदाची बांधणी करणारे सॅबेस्टियन डिसूझा ही त्यांतली थोर नावे. संगीतकार चाल गुणगुणत आणि हे लोक ती कागदावर वाद्यावाद्यांत वाटून लिहीत. ‘गोव्याचे संगीत’ कोणते, असा प्रश्न विचारला, तर खरे उत्तर एक पिढीभर मुंबईच्या स्टुडिओंत वाजत होते. जगाने मात्र ते नाव दुसऱ्याच संगीताला दिले.

चरणजित सिंग यांच्याकडे ऐंशीच्या दशकाच्या आरंभी जपानच्या रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रे आली. ‘टीआर-८०८’ हे ठेका वाजवणारे, ‘टीबी-३०३’ हे खालच्या सप्तकातली स्वरावली वाजवणारे आणि ‘ज्युपिटर-८’ हे पेटीसारखे हाताने वाजवण्याचे. यांतले ३०३ हे यंत्र गिटारवादकाला घरी सराव करताना साथ मिळावी म्हणून घडवलेले होते. त्यात सोळा पायऱ्यांची स्वरावली भरून ठेवता येते आणि ती अखंड फिरत राहते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची कळ त्यात आहे. हिंदुस्थानी संगीताच्या कानाला ती मींडेच्या जवळची वाटते. आणि आवाज झाकावा, उघडावा, चिरका करावा यासाठी काही फिरत्या चकत्या आहेत. साथीदार म्हणून हे यंत्र सपशेल फसले, कारण त्याचा आवाज खऱ्या बास गिटारसारखा मुळीच नव्हता. १९८४ पर्यंत त्याचे उत्पादन थांबले.

तो काळ हिंदी चित्रपटातल्या डिस्कोचा होता. ‘कुर्बानी’ १९८० साली आला, नाझिया हसनची ‘डिस्को दीवाने’ १९८१ साली आली, ‘डिस्को डान्सर’ १९८२ च्या अखेरीस. त्या लाटेत काही वेगळे करावे, या हेतूने चरणजित सिंग यांनी तबला बाजूला ठेवला, त्याच्या जागी डिस्कोचा यांत्रिक ठेका घेतला आणि त्यावर राग वाजवले. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. एचएमव्हीने काढलेल्या तबकडीचे नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’. गायक नाही, सरगमही नाही. तबकडी चालली नाही. रागाच्या चाहत्याला तो यंत्राचा पोरखेळ वाटला असल्यास नवल नाही, आणि डिस्कोच्या चाहत्याला त्यात गाणे सापडले नसणार.

पुढची कथा अमेरिकेत घडते. शिकागोच्या काही कृष्णवर्णीय तरुणांनी जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारे ३०३ घेतले आणि त्याच्या चकत्या वेड्यावाकड्या फिरवत एक रचना केली. ‘फ्यूचर’ या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही ती रचना १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रकार जन्मला. इंग्लंडमध्ये त्याने पुढच्याच वर्षी धुमाकूळ घातला आणि तोच आवाज हणजुण्याला येऊन गोवा ट्रान्सच्या अंगात भिनला. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात चरणजित सिंग यांची तबकडी सापडली. २०१० साली त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा युरोपातल्या ऐकणाऱ्यांचा विश्वासच बसेना. हे कोणीतरी आज करून जुने म्हणून खपवले आहे, असा संशय काहींनी घेतला. चरणजित सिंग मात्र हयात होते, मुंबईतच होते. उतारवयात त्यांनी युरोपातल्या रंगमंचांवर ते राग पुन्हा वाजवले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

५

मग ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला, असे म्हणायचे काय? तबकडी पुन्हा निघाल्यावर अनेकांनी उत्साहाने तसे म्हटले. आपला विद्यार्थीही तेच म्हणत होता, आणि त्याच्या आवाजातला अभिमान आम्हाला समजत होता. तरीही आम्ही त्याला ‘यमुनापर्यटन’चा तास आठवून पाहायला सांगितले. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकली होती, असे मानण्यास काही आधार नाही. मुंबईतही तिच्यामागून दुसरी तबकडी आली नाही. साल आधीचे आहे, परंपरा मात्र तिच्यातून निघाली नाही. दोन ठिकाणी दोन माणसांनी एकाच यंत्राची एकच छुपी शक्यता ओळखली. ती यंत्रातच होती, म्हणूनच दोघांना सापडली.

परंतु येथे थांबणे हाही अन्याय ठरेल. ज्याच्यामागे परंपरा उभी राहिली नाही त्याला इतिहासात जागाच नाही, असे म्हटले तर आपण बाजाराचा निकालच इतिहासाचा निकाल म्हणून स्वीकारतो. शिकागोच्या मुलांच्या मागे क्लब होते, रात्री नाचायला येणारी गर्दी होती, स्वस्तात तबकड्या छापणारे होते. हणजुण्याच्या डीजेंमागे जगभर फिरणारे प्रवासी होते. चरणजित सिंग यांच्यामागे यांपैकी काही नव्हते. होता तो केवळ स्टुडिओतल्या दुसऱ्या दिवशीच्या कामाचा बोलावा. कृती आधी येते आणि तिचा वाचक नंतर येतो, कधी कधी अठ्ठावीस वर्षांनी. साहित्यात आपण हे मान्य करतो. मग ‘पहिला’ हा शब्द बाजूला ठेवून ‘एकटा’ हा शब्द वापरावा, असे आम्हाला वाटते. तो अधिक खरा आहे.

६

गोवा ट्रान्स हे नाव प्रत्यक्षात गोव्यात पडले नाही. ते नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात युरोपातल्या ध्वनिमुद्रिकांच्या बाजारात रुळले. लंडनमध्ये १९९३ साली ‘ड्रॅगनफ्लाय’ आणि १९९४ साली ‘टिप’ या कंपन्या निघाल्या. ‘टिप’च्या संस्थापकांपैकी राजा राम हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला बासरीवादक. डिसेंबर १९९४ मध्ये पॉल ओकनफोल्डने बीबीसीच्या रेडिओ वनवर दोन तासांचा ‘गोवा मिक्स’ वाजवला आणि हा आवाज घरोघर पोचला. १९९५ साली सायमन पॉसफर्डची, म्हणजे ‘हॅल्युसिनोजेन’ची, ‘ट्विस्टेड’ आली. इस्राएलशी भारताचे पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये प्रस्थापित झाले. सक्तीची लष्करी सेवा संपवून तेथले तरुण मोठ्या संख्येने गोव्याला येऊ लागले, आणि ‘ॲस्ट्रल प्रोजेक्शन’सारखे गट तेथे घडले. जपानमध्ये त्सुयोशी सुझुकीने, पोर्तुगालमध्ये १९९७ पासून ‘बूम’ महोत्सवाने हे संगीत रुजवले. दशक संपता संपता त्याचे रूप पालटले, सुरावटी कमी झाल्या, ठेका अधिक कोरडा झाला आणि ‘सायट्रान्स’ हे नवे नाव रूढ झाले.

रचनेची लक्षणे थोडक्यात सांगायची, तर मिनिटाला साधारण १४० ते १५० ठोके, प्रत्येक मात्रेवर एकसारखा आघात, सात ते नऊ मिनिटांची लांबी आणि एकावर एक चढत जाणारे स्वरावलींचे थर. कोमल रिषभाचा वापर वारंवार होतो. पाश्चात्त्य संगीतात ज्याला फ्रिजियन म्हणतात, तो स्वरसमूह म्हणजे आपला भैरवी थाट. रात्रीच्या मध्यावर उग्र रचना आणि सूर्य उगवताना मोकळ्या, सुरेल रचना असा क्रम पाळला जाई. आपल्या रागसमयाची येथे आठवण झाली तरी तेवढ्यावरून उगम सिद्ध होत नाही. पहाट सर्वांचीच असते.

या संगीतात शब्द अगदीच नव्हते असे नाही. ‘ॐ’ होता, मंत्रांचे तुकडे होते, अंधारात चकाकणाऱ्या कापडांवर शिव आणि गणपती होते. मात्र जे शब्द घेतले, ते अर्थ न कळणाऱ्यांसाठी घेतले. इंग्रजी शब्द गाळले, कारण ते समजत होते. संस्कृत ठेवले, कारण ते समजत नव्हते. गोवा गिलची भूमिका अशी, की हा नाच म्हणजे प्राचीन सामूहिक विधीचे नवे रूप आहे. २०२३ साली तो वारला, तोवर ही भूमिका त्याने सोडली नाही. तिच्यामागची तळमळ आम्ही नाकारत नाही. पण ‘ट्रान्स’ या शब्दाला मराठीत प्रतिशब्द शोधू लागलो, तेव्हा आम्ही अडखळलो. तंद्री फार हलका, समाधी फार जड. नेमका शब्द ‘अंगात येणे’ हाच. सिंधुदुर्गात देवळातल्या ढोलांवर आजही ‘अवसर’ येतो. हणजुण्यापासून हा मुलूख काही तासांच्या अंतरावर आहे. प्राचीन विधीचा शोध घेत पृथ्वी ओलांडून आलेल्या माणसांच्या बोलण्यात त्याचा उल्लेख आम्हाला क्वचितच आढळला.

७

नाचाच्या त्या रात्रींचे जवळपास प्रत्येक वर्णन चहा विकणाऱ्या बायकांपाशी येऊन थांबते. संध्याकाळी या बायका गावातून चटया, स्टोव्ह, रॉकेलचे दिवे घेऊन येत. नाचाच्या जागेभोवती चटया अंथरत, रात्रभर चहा करीत, ऑम्लेट-पाव देत आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर सामान आवरून घरी जात. नाचणारा थकला की यांच्याच चटईवर येऊन पडे. परदेशी लेखनात त्यांना एक प्रेमळ सामूहिक नाव आहे, पण एकेकीचे नाव बहुधा नाही. अरुण सालढाणा यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासग्रंथात हणजुण्याच्या नाचाच्या जागेवर गोरे कोठे असतात, भारतीय कोठे असतात आणि केव्हा असतात, याची बारकाईने तपासणी केली आहे. सर्वांना सामावून घेणाऱ्या या नाचात पहाटेनंतर जागा गोऱ्यांचीच होत जाते, हे त्यातले निरीक्षण अस्वस्थ करणारे आहे.

मुंबईच्या मुलांना ही जागा सापडली, तोवर ती आवरत आली होती. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि ठाण्याला गाडीत बसून सकाळी गोव्यात उतरणे मुलुंडच्या मुलांना सोपे झाले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला उघड्यावर मनाई झाली आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. रात्रभर चालणारा उघड्यावरचा नाच कायद्याने संपला. डिसेंबर २००७ मध्ये कांदोळीला ‘सनबर्न’ हा तिकीट लावून होणारा महोत्सव सुरू झाला आणि या संगीताचा पत्ता किनाऱ्यावरून प्रायोजकांच्या मंडपात गेला.

हेच नियम मुलुंडलाही लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि ती पाळली जावी, असे आमचे ठाम मत आहे. आमच्याही घरी म्हातारी माणसे आहेत. पण हा विषय शिकताना एक गोष्ट आम्हाला स्वतःशी कबूल करावी लागली. मिरवणुकीतल्या त्या आवाजाच्या भिंती कोण रचतो, कोळीगीताखाली तो यांत्रिक ठेका कोण बसवतो, ही मुले कोठे शिकली, त्यांच्या हातात कोणती यंत्रे आहेत, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. त्यांतली दोन आमच्याच वर्गात बसत होती, हे आम्हाला वर्षाच्या शेवटी कळले. खिडकी लावून घेण्याचा अधिकार आम्हाला आहे. खिडकी लावल्यामुळे बाहेर काही घडलेच नाही, असे लिहिण्याचा अधिकार मात्र नाही.

या इतिहासात तीन वेळा काही वगळले गेले. गाण्यातून शब्द वगळले, आणि त्यातून एक कला जन्मली. त्याबद्दल तक्रार नाही. स्मरणातून एक एकटी तबकडी वगळली गेली. ती योगायोगाने परत मिळाली. आणि नावातून ती माणसे वगळली, ज्यांच्या गावाचे नाव या संगीताला आहे. ती अजून परत आलेली नाहीत. पहिल्या रात्रींना चहा करणाऱ्या बायका आज वृद्ध असतील, काही राहिल्याही नसतील. त्यांच्याशी बोलण्यासाठी इंग्रजी लागत नाही. कोकणी लागते, मराठीनेही पुष्कळ भागते. म्हणजे हे काम लंडनच्या संशोधकापेक्षा आपल्या विद्यार्थ्यांना अधिक सोपे आहे.

आमच्या त्या विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी हाच विषय घ्यावा, असे आम्ही सुचवले. त्याने आधी विचारले, “मराठीच्या पेपरात हे चालेल?” नियमांत अशी तरतूद शोधायला आम्हाला थोडा वेळ लागला, पण ‘लोकसंस्कृती’ या शीर्षकाखाली जागा मिळाली. ठाण्याहून रात्रीच्या गाडीने तो गेला, तेव्हा त्याच्याजवळ कर्णयंत्रे होतीच. आम्ही त्याला एक वही दिली आणि सांगितले, की प्रत्येक बाईचे पूर्ण नाव, तिने सांगितले तसे, पहिल्या ओळीत लिही. बाकीचे प्रश्न नंतर.